'माया नमार है, नानी!'

परदेशात व्हॉलंटियरिंग करून आलेल्या प्रत्येकाकडे एक फोटो असतोच. मागे डोंगर, मध्ये आपण, कपाळावर टिळा, गळ्यात झेंडूच्या माळा, रडून सुजलेले डोळे आणि आजूबाजूला 'होस्ट फॅमिली'. खाली कॅप्शनही ठरलेली. माय सेकंड होम, माय अदर मदर, वगैरे वगैरे. हसू नका, माझ्याकडेही आहे! फक्त माझ्या फोटोत जरा घोळ आहे. त्यात माळा घातलेली माणसं दोन आहेत. एक अर्थातच मी. दुसरा माझ्या शेजारी, 22 वर्षांचा, अंगात नवंकोरं जॅकेट, कॉलरला अजून दुकानाची घडी. बघणारा हमखास विचारतो, "हा पण व्हॉलंटियर होता का?"

नाही. तो त्या घरातला धाकटा मुलगा. आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच मुहूर्तावर, एकाच दारातून बाहेर पडलो. मी पुण्याला आणि तो कतारला.

थोडं बॅकग्राऊंड देते. 2022 ची दिवाळी झाली आणि मी तीन महिन्यांसाठी नेपाळला गेले. फ्रीलान्सिंगचा एक मोठा फायदा असतो, सुट्टी मागायला बॉस नसतो. (पगार द्यायलाही नसतो, पण ते जाऊ दे.) "नेपाळ म्हणजे काय फॉरेन आहे का?" हा प्रश्न निघायच्या आधी मी किमान वीस वेळा ऐकला. एका अर्थी खरंच आहे. 1950 च्या करारामुळे आपल्याला तिथे व्हिसाच लागत नाही. गोरखपूरपर्यंत ट्रेन, तिथून सोनौली, आणि एका कमानीखालून सॅक पाठीला लावून चालत गेलं की झालं फॉरेन! घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं आणि कॅलेंडर थेट 2079 सालात न्यायचं.

अनाथाश्रमात काम करायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. तिथल्या कितीतरी 'अनाथ' मुलांचे आईवडील चांगले हयात असतात आणि परदेशी पाहुण्यांच्या पैशांवरच असे आश्रम उभे राहतात, हे गेली अनेक वर्षं छापून येतंय. त्यामुळे मी सरकारी शाळा मागून घेतली. तनहुँ जिल्ह्यात, काठमांडू-पोखरा हायवेवरच्या डुम्रेपासून जीपने डोंगर चढत गेलं की लागणारं मगर लोकांचं एक गाव. सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि त्यांच्याकडून भित्तिपत्रक काढून घ्यायचं, हे माझं काम. मास कॉमच्या डिग्रीचा याहून चांगला उपयोग मी अजून तरी केलेला नाही. राहायची सोय एका घरात. माझ्या राहण्याजेवणाचे पैसे दर महिन्याला त्या घरच्या बाईच्या हातात.

त्या घरच्या बाई म्हणजे आमा.

माझ्या डायरीत पहिल्या आठवड्यात सगळीकडे 'आमा म्हणाल्या' असं आहे. तिसऱ्या आठवड्यात 'आमा म्हणाली' झालंय. मधल्या पानांत काय घडलं याची कुठेही नोंद नाही. मला वाटतं ते चुलीपाशी घडलं. रोज पहाटे पाचला ती म्हशीची धार काढून यायची, मी डोळे चोळत खाली उतरायचे आणि पहिला प्रश्न यायचा, "चिया?" सकाळी दहाला दाल-भात, रात्री पुन्हा दाल-भात, किंवा कोदोचा ढिंडो. (कोदो म्हणजे आपली नाचणी. घट्ट उकडीसारखा गोळा करून गुन्द्रुकच्या आमटीबरोबर गिळायचा, चावायचा नाही. हे तंत्र जमायला मला महिना लागला.) आणि रस्त्यात भेटेल तो माणूस नमस्कार-चमत्कार न करता विचारणार, "भात खायौ?" जेवलीस का? कोकणातली माझी आजीही फोनवर हेच विचारते. फोनमध्ये आधी नेटवर्क आहे की नाही तेसुद्धा विचारत नाही.

आमा मला नानी म्हणायची. नेपाळीत नानी म्हणजे लहान मूल. हिंदीतल्या नानीची सवय असल्यामुळे सुरुवातीला एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटायचं!

त्या घरात नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही. सगळी मंडळी नंबरावर. थोरला मुलगा तो जेठा, मधली मुलगी ती माइली, धाकटा तो कान्छा. त्यांच्यावर बुवा, म्हणजे वडील. आणि सर्वांत वर बाजे, म्हणजे आजोबा. बाजे 'लाहुरे'. आपल्या आर्मीच्या गोरखा रेजिमेंटमधून रिटायर झालेले. नेपाळी माणूस पूर्वी महाराजा रणजितसिंहांच्या फौजेत भरती व्हायला लाहोरला जायचा, म्हणून परक्या सैन्यात गेलेला तो लाहुरे. लाहोर सुटलं, शब्द राहिला. मी पुण्याहून आले म्हटल्यावर बाजे चक्क अटेन्शनमध्ये उभे राहून म्हणाले, "सदर्न कमांड!" त्यांचं पेन्शन पोखऱ्याच्या भारतीय पेन्शन ऑफिसातून येतं, त्यावर घरातलं मीठ-तेल चालतं.

बुवा अकरा वर्षं सौदीत होते. जेठा मलेशियात, हातमोजांच्या फॅक्टरीत. मी राहत होते ती खोली जेठाचीच. भिंतीवर त्याच्या लग्नाचा फोटो, त्याखाली तोरणासारखे लावलेले माझ्या आधीच्या व्हॉलंटियर्सचे फोटो. माइली लग्न होऊन चितवनला. नेपाळच्या जीडीपीतला साधारण चौथा हिस्सा बाहेर गेलेल्या माणसांनी पाठवलेल्या पैशांचा असतो. हा आकडा मी जाण्याआधीच वाचला होता. पण एका घरात बसून बोटांवर मोजलं की कळतं, तीन पिढ्यांत घराबाहेर गेला नाही असा पुरुष नाही. उरला होता फक्त कान्छा.

कान्छालाही लाहुरेच व्हायचं होतं. दोन वर्षं तो रोज पहाटे शाळेपर्यंतचा चढ पळत जायचा, पाठीवर डोको, म्हणजे आपली डोक्याला पट्टा लावून वाहायची टोपली, आणि त्यात दगड. आधी कोविडमुळे भरती नाही. मग 2022 च्या जूनमध्ये आपल्याकडे अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, पुढे चौघांतल्या एकालाच कायम करणार. ऑगस्टमध्ये बुटवलला भरती ठरली होती. नेपाळ सरकारनं 1947 च्या त्रिपक्षीय कराराचा मुद्दा काढून ती थांबवायला सांगितली. भरती त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षीही नाही. मी पोचले तेव्हा डोको गोठ्यात पडला होता आणि कान्छाची कतारसाठीची मेडिकल झालेली होती.

आणि टायमिंग बघा! 20 नोव्हेंबरला त्यांच्याकडे सार्वत्रिक निवडणूक, मतदान आमच्याच शाळेत. आणि त्याच रात्री कतारमध्ये वर्ल्ड कपचं ओपनिंग. दुपारपर्यंत अंगठ्याला शाई लावलेली सगळी जनता रात्री एका टीव्हीसमोर. घराघरांवर अर्जेंटिना नाहीतर ब्राझीलचे झेंडे. गावात असा एक माणूस भेटला नाही ज्याचा कुणीतरी कतारमध्ये नव्हता. स्टेडियम दिसलं की पोरं ओरडायची, "यो हाम्रो!" हे आमचं. बॉलसाठी नाही, छतासाठी. बुवा एकटेच गप्प. मध्येच म्हणाले, "उन्हाळ्यात तिथे लोखंडाला हात लावता येत नाही." मेस्सीनं कप उचलला त्या रात्री कान्छा नाचून नाचून दमला. मग माझ्या शेजारी येऊन बसला आणि विचारलं, "दिदी, सिक्युरिटी गार्डला इंग्लिश किती लागतं?"

त्या दिवसापासून रात्रीचे माझे क्लासेस सुरू झाले. सर, यू कॅनॉट पार्क हिअर. मॅडम, मे आय सी युअर आयडी. शाळेतल्या चाळीस मुलांना मी तीन महिन्यांत काय शिकवलं, मला नीट सांगता येणार नाही. कान्छाला काय शिकवलं, ते मात्र वाक्यावाक्यानं सांगता येईल.

आता पैशांचं. नेपाळ सरकारचा 2015 पासून नियम आहे की आखाती देश आणि मलेशियाला जाणाऱ्याचा व्हिसा आणि तिकीट कंपनीनं द्यायचं, एजंटनं फार तर दहा हजार नेपाळी रुपये घ्यायचे. 'फ्री व्हिसा, फ्री टिकट' म्हणतात. सुंदर नियम आहे. कान्छाकडून काठमांडूच्या म्यानपावरवाल्यानं, म्हणजे एजंटनं, दीड लाख घेतले, आपले जवळपास 94 हजार. पावती दहा हजारांची. बुवांना हे सगळं आधीपासून माहीत होतं. गावातल्या सगळ्यांनाच माहीत असतं. एक म्हैस विकली, थोडं कर्ज शेकड्याला महिना दोननं. उरलेले आमानं ट्रंकेतून काढले, ओढणीत बांधलेल्या नोटा. त्या मी ओळखल्या. माझ्या खोलीचे तीन महिन्यांचे पैसे होते. तिनं ते माझ्यासमोरच मोजले, अगदी सहज, डाळीतले खडे निवडावेत तसे. मी डाळ निवडत होते, ती नोटा.

यात मला वाईट वाटावं की बरं, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. पैसे तिचे होते. तिनं माझ्यासाठी नव्वद दिवस भात शिजवून ते कमावले होते.

डिसेंबरच्या शेवटी तिनं मला वही दाखवली. प्रत्येक व्हॉलंटियर जाताना त्या वहीत काहीतरी लिहून जातो. फ्रेंच, डॅनिश, कोरियन, इंग्रजी भरपूर. हृदयाची चित्रं, पर्वतांची चित्रं, एकानं तर म्हशीचं पोर्ट्रेट काढलंय! आमाला यातलं एक अक्षर वाचता येत नाही. तिनं प्रौढ शिक्षणाच्या रात्रीच्या वर्गात देवनागरी शिकली, तीही चाळिशीत. इंग्रजी पानं मी तिला वाचून दाखवली. प्रत्येक पानावर शेवटी एकच गोष्ट होती: मी नक्की परत येईन. आय विल कम बॅक सून. नेक्स्ट इयर फॉर शुअर. आमा ऐकत होती आणि पान उलटलं की वहीवर बोट ठेवून सांगत होती, "ही नाही आली. हा नाही आला. ही आली होती, नवऱ्याला घेऊन. हा नाही." आवाजात तक्रार अजिबात नाही. हजेरी घ्यावी तसं.

मग तिनं वही माझ्यासमोर सरकवली. मी मराठीत लिहिलं. लिहिताना डोक्यात काहीच नव्हतं, पण वही परत घेतल्यावर आमाच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी विसरणार नाही. अक्षरं तिच्या ओळखीची होती! इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहुण्यानं लिहिलेलं तिला स्वतःला वाचता येत होतं. ती बोट फिरवत मोठ्यांदा वाचायला लागली, एकेक अक्षर, शाळेतल्या पहिलीच्या मुलासारखं. आ-मा. घ-र. मा-या. 'माया' तर दोन्हीकडे सारखीच. नेपाळीत माया म्हणजे प्रेम, माया 'लागते' तीही आपल्यासारखीच. अर्थ निम्मा कळत होता, निम्मा नाही, पण ती थांबत नव्हती. आणि मग एका शब्दावर गाडी अडली. "का..." पुढे बोट हलेना. "यो के हो?"

ळ! नेपाळीत ळ नाहीच.

शब्द होता काळजी. 'सगळ्यांची काळजी घे,' असं मी लिहिलं होतं. म्हणजे 'सगळ्यांची'मध्येही तोच अडथळा, पण तिथून ती हुशारीनं उडी मारून पुढे गेली होती. मी ळ म्हणून दाखवला. आमानं जीभ वळवून पाहिली, नाही जमलं. बाजेंना बोलावलं, बाजेंनाही नाही. कान्छा आला, त्यानं असा काही आवाज काढला की आम्ही तिघी-चौघं हसून लोळायचे बाकी राहिलो. शेवटी मी म्हटलं, आमा, काळजी म्हणजे चिन्ता. पण नुसती चिन्ता नाही. घ्यायची पण असते. "चिन्ता कोण घेतं?" ती म्हणाली. "चिन्ता तर आपोआप येते."

त्याच संध्याकाळी 'येते'चा विषय निघाला. नेपाळीत निघणारा माणूस सरळ म्हणतो, "म गएँ है." मी गेले हं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच. आमच्या आजीसमोर कुणी 'जातो' म्हणून बघावं. संगमेश्वरच्या एसटी स्टँडवर गाडी सुरू झालेली असली तरी ती खिडकीतून हात घालून म्हणणार, "जातो नाय म्हणायचं. येतो म्हण." माझे दोन्ही काका असेच 'येतो' म्हणून मुंबईला गेले आणि गिरणगावात आयुष्य काढलं. हे मी आमाला सांगितलं. तिला ते फार आवडलं. मग तिनं अत्यंत प्रॅक्टिकल प्रश्न विचारला, "येतो म्हणून गेलेले सगळे येतात का?"

"गणपतीला येतात," मी म्हटलं.

"आमच्याकडे दसैंला," ती म्हणाली, आणि चुलीत लाकूड सारलं.

15 जानेवारीला संक्रांत होती, तिकडची माघे सङ्क्रान्ति. उकडलेला तरुल म्हणजे कंद, तूप, चाकू (गुळाचा घट्ट पाक हो, सुरी नव्हे!) आणि तिळाचे लाडू. मी तिळगूळ वाटत सगळ्यांना गोड बोलायला सांगत होते. अकराच्या पुढे बाजूच्या घरातून कुणीतरी फोन हातात घेऊन धावत आलं. काठमांडूहून पोखऱ्याला जाणारं यती एअरलाइन्सचं विमान उतरता उतरता पडलं होतं. 72 माणसं, एकही वाचलं नाही. पोखऱ्याचं नवं विमानतळ सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. संपूर्ण गावाचा आवाज बंद झाला. आमा अंगणात लाडवाचं ताट घेऊन तशीच उभी होती आणि कान्छाकडे बघत होती. तोवर तो आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नव्हता. सहा दिवसांनी बसणार होता.

ती काहीही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी ज्योतिष्याकडे जाऊन आली आणि जेवताना जाहीर केलं: साइत शुक्रवारी सकाळी सहा चाळीसची आहे. कान्छाची आणि नानीची, दोघांची.

माझं तिकीट रविवारचं होतं. मी काही बोलायच्या आत तिनं हिशोब मांडला. कान्छाचं फ्लाइट शनिवारी रात्री, म्हणजे त्याला शुक्रवारीच काठमांडू गाठायला हवं. शनिवारी कुणी घरातून निघत नाही. आणि रविवारी पुन्हा तीच गाग्री, तेच दही, तोच टिळा, पुन्हा तेच रडणं? "दोनदा रडायला मला वेळ कुठे आहे?" ती म्हणाली. "म्हशीला कोण बघणार?"

मी तिकीट बदललं.

गुरुवारी शाळेत माझा निरोप समारंभ झाला. बॅनर होता, माझं नाव होतं (स्पेलिंग वेगळं, पण भावना पोचल्या!). हेडसरांचं भाषण, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचं भाषण, मुलींचा डान्स, सतरा माळा आणि नऊ खादा, म्हणजे ते रेशमी उपरणं. सगळं मिळून दोन तास. मी मनापासून रडले, खोटं कशाला बोलू? कान्छा मागच्या भिंतीला टेकून माझ्या फोनवर व्हिडिओ काढत होता. तोही याच शाळेचा. दहावीपर्यंत इथेच शिकलेला, व्हॉलीबॉलच्या टीमचा कॅप्टन. दुसऱ्या दिवशी दोन वर्षांसाठी देश सोडून चालला होता. पण त्याच्यासाठी बॅनर कोण लावणार? त्या शाळेतून दर महिन्याला कुणीतरी जातंच. लावायचे म्हटले तर रोजच लावावे लागतील.

शुक्रवारी पहाटे मी खाली उतरले तेव्हा दाराच्या दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या तांब्याच्या गाग्री होत्या, त्यात मोहरीची पिवळी फुलं. आत घोंगडीवर आम्हा दोघांना शेजारी बसवलं. आधी बाजे, मग बुवा, मग आमा. मगरांचा टिळा लाल नसतो, पांढरा. तांदूळ आणि दही कालवून केलेला, कपाळभर. थंडीच्या दिवसांत तो इतका गार लागतो की डोळ्यांत पाणी यायला वेगळं कारणच नको. मग तळहातावर दही. आपल्याकडे परीक्षेला निघताना आई ठेवते अगदी तसंच, फक्त साखर नाही. मी हात चाटून टाकला आणि आमा खूश झाली, "हिला कुणी शिकवलं?" उकडलेलं अंडं, वाटीच्या तळाशी रक्सीचा एक घोट. मग दोघांच्या हातात पन्नास-पन्नासची नोट, दक्षिणा. सगळं दोघांना सारखं. एक दाणा इकडे की तिकडे नाही.

फरक फक्त बोलण्यात होता. माझ्याशी आमा बोलत राहिली. संत्र्यांची पिशवी वर ठेव, दबतील. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आणि मग ते नेपाळी निरोपाचं ठरलेलं वाक्य, "माया नमार है, नानी." माया मारू नको हं. माया त्यांच्याकडे आपोआप संपत नाही, आटत नाही. माणूस ती मारतो. मी म्हटलं, "आमा, येते." मराठीतच म्हटलं. तिनं मान हलवली. तिला कळलं होतं.

कान्छाशी ती एक शब्द बोलली नाही. त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत वर ओढली. ती आधीच वर होती.

जीपमध्ये आम्ही दोघं मागच्या सीटवर. डुम्रेला माइक्रो मिळाली. माझा रस्ता नारायणगढ-बुटवल-सोनौली, त्याचा काठमांडू. पण मुग्लिंगपर्यंत दोन्ही एकच. तास-दीड तास धूळ खात गेलो. बाजूला मर्स्याङ्दी नदी. त्यानं कपाळावरचा टिळा पुसला नव्हता, मीही नाही. गाडीतली माणसं आमच्याकडे बघत होती. लग्नाचं जोडपं समजली असणार! पण त्याच गाडीत आणखी दोन पोरं होती, तशीच पांढरी कपाळं, तशीच नवी जॅकेट्स, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. त्यांनी कान्छाकडे बघून नुसती मान डोलवली. कुठे म्हणून कुणी विचारलं नाही.

मुग्लिंगला मर्स्याङ्दी त्रिशूलीला मिळते आणि रस्ता फुटतो. सगळ्या गाड्या तिथे जेवायला थांबतात. मी दोन ताटं सांगितली. कान्छानं भातात बोटं फिरवली आणि ताट सरकवलं. "आमा फोन करेल," तो म्हणाला. "मी जेवलो म्हणून सांग, दिदी." मग उठून टपरीवरच्या आरशात बघून कंगवा फिरवला, आणि माझ्यासमोर येऊन सरळ उभा राहिला, बाजेंसारखा. "मॅडम," इंग्रजीत म्हणाला, "यू कॅनॉट पार्क हिअर."

आणि काठमांडूच्या गाडीत चढला. 'म गएँ है' नाही की काही नाही.

माझी बस लागायला अर्धा तास होता. फोन वाजला. "भात खायौ?" मी म्हटलं, खाल्ला. "कान्छानं?" मी म्हटलं, दोनदा भात घेतला, आमा. पलीकडे थोडा वेळ शांतता, मागे म्हशीचा आवाज. "खोटं बोलतेस," ती म्हणाली. "निघायच्या दिवशी जेठाही जेवला नव्हता." आणि फोन ठेवला.

त्याला आता बराच काळ झाला. पहिलं वर्ष नुसतं कर्ज फिटण्यात गेलं. 2025 च्या जानेवारीत काँट्रॅक्ट संपलं, ते त्यानं वाढवून घेतलं, कारण घरावरचा पत्रा बदलायचा होता. मी अजून तिकडे गेलेले नाही. वहीत माझ्या पानावर बोट ठेवून आमा पुढच्या पाहुण्याला काय सांगत असेल, ते मला पक्कं माहीत आहे. दर संक्रांतीला आमचा व्हिडिओ कॉल होतो. मी तिळगूळ कॅमेऱ्याला दाखवते, ती चाकू दाखवते, आणि ती विचारते, "कहिले आउँछौ?" कधी येतेस? ळ अजून आलेला नाही तिला. कालजी म्हणते.

2025 च्या दसैंला कान्छा दोन महिन्यांच्या सुट्टीवर घरी आला. अंग भरलंय, मिशी ठेवलीये, इंग्रजी माझ्यापेक्षा फास्ट. कॉलवर मला घर दाखवत फिरला. नवा पत्रा, नवी म्हैस, आणि शेवटी जेठाची खोली, म्हणजे माझी खोली. तिथे त्याची बॅग पडली होती. "दिदी, तुझी खोली मी घेतली," म्हणाला.

"मंसिरपर्यंतच!" मागून आमाचा आवाज आला. मंसिरमध्ये कुणीतरी डच मुलगी येणार आहे.